फळ्यावर लावलेला कागद

त्या सकाळी चिखलात सात मेंढ्या रुतल्या होत्या. आदल्या दिवशी चार होत्या.

नदी आटत आटत डोहापुरती उरली होती आणि डोहाभोवती वीस पावलं नुसता रबरबीत चिखल. मेंढी पाण्याच्या वासानं आत शिरते, पोटापर्यंत रुतते, आणि अंगात त्राण नसलं की तशीच उभी राहते. ओरडतसुद्धा नाही. कावळ्यांच्या आधी माणूस पोचलं तर तिचे डोळे शाबूत असतात. उना ब्रॅकननं चिखलावर फळी टाकली, तिच्यावर पालथी झाली आणि पहिल्या मेंढीच्या पुढच्या पायांमागून दोर घातला. गळ्यात दोर घालायचा नाही, मान मोडते. वर काठावर तिचा नवरा क्लेम गाडी चालू ठेवून बसला होता. त्याचा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून वर जात नव्हता, म्हणून चिखल तिच्याकडे आणि गाडी त्याच्याकडे अशी वाटणी झाली होती. ती त्रेसष्टची, तो अडुसष्टचा. वाटणी करून घ्यायला तिसरं कोणी नव्हतंच.

सातांतल्या पाच उभ्या राहिल्या. दोघींच्या पायात काही उरलं नव्हतं. क्लेमनं बंदूक काढली तेव्हा उना नेहमीसारखी तोंड फिरवून चिखल खरवडत राहिली. मग दोघांनी गाडीच्या पाठीला टेकून थर्मासमधला कोमट चहा प्यायला.

"आज किती होतं?" क्लेमनं विचारलं.

"चौदा."

"काल?"

"काल अठरा."

क्लेमनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. 

कॅरावीनमध्ये माणसं एकमेकांना 'काय, कसं काय' असं विचारत नाहीत. निदान उनाला तरी कोणी विचारत नसे. दुकानात, टपालाच्या खिडकीशी, कोणाच्या मयतीलासुद्धा तिला एकच प्रश्न असायचा: 'किती गं?' म्हणजे पुलाखालच्या मोजपट्टीवर आज पाणी किती सेंटीमीटर. एकतीस वर्षं ती रोज सकाळी सहाला पुलाखाली उतरून आकडा वहीत लिहीत होती. सरकारी माणूस तिला काम शिकवायला आला होता तेव्हा एवढंच म्हणाला होता, बाई, दिसेल ते लिहायचं, वाटेल ते लिहायचं नाही. आठ वर्षांपूर्वी सरकारनं तिथं यंत्र बसवलं आणि उनाला आभाराचं पत्र पाठवलं. यंत्र वर्षातून चार महिने बंद असे. उनाची वही एक दिवसही बंद पडली नव्हती.

गेल्या वसंतात नदीवर उपसाबंदी लागली. वरच्या बंधाऱ्यातून थोडं थोडं पाणी सोडत होते ते खालच्या गावांना प्यायला आणि जनावरांना. त्यात पंप टाकायचा नाही, असा हुकूम होता. आणि त्याच दिवसांत उनाला पुलाच्या खांबावर ओला पट्टा दिसायला लागला. ऊन वर येण्याआधी खाली उतरलं की पाण्याच्या वर खांब चार बोटं, कधी वीतभर ओला. म्हणजे रात्रीतून पाणी तेवढं खाली गेलेलं. असं अकरा सकाळी झालं. बंधाऱ्याखालीही एक मोजपट्टी आहे. त्या सगळ्या सकाळी उना इथला आकडा लिहून, चाळीस किलोमीटर गाडी हाकून, तिथला बघून आली. तिथं पाणी जागच्या जागी होतं. मधल्या चाळीस किलोमीटरात पंप एकच, रॉडरिक हॅलोरनचा. त्याचं कापसाचं शेत आणि त्याचं ते मातीचं भलंमोठं साठवण तळं.

रॉड काही परका नव्हता. उना, क्लेम, रॉड एकाच शाळेत शिकले. सत्त्याऐंशीच्या पुरात रॉडनं आपल्या होडीतून ब्रॅकनांच्या दोनशे मेंढ्या टेकाडावर पोचवल्या होत्या. हे उना विसरली नव्हती. विसरली असती तर सोपं गेलं असतं.

राज्याच्या संसदेनं नदीच्या पाण्याची चौकशी करायला समिती नेमली आणि लोकांकडून लेखी निवेदनं मागवली. उनानं चार पानं लिहिली. तारखा, दोन्ही मोजपट्ट्यांचे आकडे, ओल्या पट्ट्याची रुंदी. शेवटी लिहिलं की या दोन मोजपट्ट्यांमध्ये रॉडरिक हॅलोरन यांच्याखेरीज कोणाचा पंप नाही. सही केली आणि पाकीट टपालात टाकलं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं तिनं केलं ते कॅरावीनच्या माणसानंच करावं असं.

त्या गावात एक रीत आहे. कोणाविरुद्ध काही म्हणायचं असेल तर तो वाचेल अशा जागी म्हणायचं. कुणाच्या कुत्र्यानं कोकरं फाडली, कुणी फाटक उघडं टाकलं, तर मर्लच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर त्याचं नाव घालून कागद लावायचा आणि खाली आपलं नाव लिहायचं. पाठीमागं बोलतो तो भेकड. उनाला वाटलं, आपण या माणसाचं नाव सहाशे किलोमीटरवर राजधानीत लिहून धाडलं आणि त्याला पत्ताच नाही, हे काही बरं नव्हे. तिनं निवेदनाच्या दोन प्रती काढल्या. एक रॉडच्या फाटकाशी टपालासाठी ठेवलेल्या पिंपात टाकली, दुसरी फळ्यावर चार टाचण्यांनी लावली. त्या दिवशी तिला फार हलकं वाटलं होतं.

समितीकडून पोच आली, सोबत दोन पानी पत्रक होतं. चष्मा गाडीत राहिला होता. तिनं पत्रक घड्याळामागं खोचलं आणि विसरली.

मग आली ती रॉडच्या वकिलाची नोटीस. क्लेमनं ती उभ्यानंच वाचली आणि खुर्ची ओढून बसला. अब्रूनुकसानी. चौदा दिवसांत त्याच फळ्यावर माफीनामा लावायचा, 'मी लिहिलेलं सर्व खोटं आहे' असं त्यात म्हणायचं, आणि तो तीस दिवस तिथं ठेवायचा. नाहीतर कोर्ट.

"खोटं कुठाय ते?" उना म्हणाली. "वह्या आहेत माझ्याकडे."

"वह्या घेऊन कोर्टात तीन वर्षं उभी राहशील?" क्लेम म्हणाला. "वरचा माळ विकावा लागेल. तो गेला की जनावरं कुठं बांधू, माझ्या डोक्यावर?"

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिलाही भांडता आलं असतं.

"खरं आहे गं बाई ते, मला का माहीत नाही," तो नोटिशीची घडी घालत म्हणाला. "पण खरं असून करायचं काय? खरं काय चिखलातून मेंढी ओढतं?"

दुसऱ्या दिवशी उनानं समितीच्या कचेरीत फोन लावला. पलीकडची मुलगी वयानं लहान असावी, पण बोलायला नीट होती. तिनं आधी सांगितलं की मी तुमची वकील नाही, सल्ला देऊ शकत नाही, नियम तेवढा सांगते. मग तिनं नियम सांगितला. समितीकडे आलेलं निवेदन समितीचं होऊन जातं. त्यातल्या शब्दासाठी कोणी कोर्टात खेचू शकत नाही. पण समितीनं ते छापायला परवानगी देण्याआधी आपण होऊन बाहेर वाटलं, तर त्या वाटलेल्या प्रतीला संरक्षण नाही.

"म्हणजे कागद तोच, शब्द तेच," उना म्हणाली, "तुमच्या कपाटात असला तर मला कोणी काही करू शकत नाही. आणि मर्लच्या फळ्यावर असला तर माझं घर जाऊ शकतं?"

"हो. पत्रकात दिलंय ते, दुसऱ्या पानावर."

उनानं घड्याळाकडे पाहिलं. कान गरम झाले तिचे. इतकी वर्षं आकडे वाचणारी बाई, आणि दोन पानं वाचायला चष्मा आणायचा कंटाळा केला!

मुलीनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. निवेदन आता मनात आलं म्हणून मागं घेता येत नाही, समितीची मंजुरी लागते. आणि समिती पुढच्या महिन्यात एका मंगळवारी कॅरावीनच्या सभागृहात सुनावणी घेणार होती. उनाचं नाव साक्षीदारांत होतं. कोणी तुम्हाला येऊ नका म्हणून दटावलं तर आम्हाला कळवा, ती म्हणाली, ते फार गंभीर मानतात इथं. उनानं बरं म्हटलं, फोन ठेवला, पत्रक काढलं आणि या वेळी चष्मा लावून दोनदा वाचलं.

नोटिशीचे नऊ दिवस उलटल्यावर एका दुपारी रॉड स्वतःच आला. एकटाच. नाकावर पांढरी पट्टी होती. उन्हानं झालेला डाग डॉक्टरानं तिसऱ्यांदा कापला होता. क्लेम दूरच्या कुंपणावर गेला होता. उना बाहेरच्या पडवीत मेंढीच्या डोळ्याला औषध लावत होती, मेंढी गुडघ्यांत दाबून. तिनं मानेनंच बस म्हटलं. मेंढी सोडून, हात धुऊन चहा आणला. रॉड टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड फिरवत राहिला.

"मला हे कोर्टबिर्ट नकोय उना," तो म्हणाला. "तुलाही नकोय. तू ते राजधानीतून परत मागव. आणि त्या मंगळवारी जाऊ नको, आजारी पड. मी वकिलाला सांगतो, सगळं विसरून जा. माफीनामासुद्धा नको."

उना उठली. आत गेली, पत्रक आणलं आणि दुसरं पान वर करून त्याच्या चहाशेजारी ठेवलं. एका ओळीखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती. समितीपुढं येणाऱ्याला धमकीनं किंवा आमिषानं अडवणं हा संसदेचा हक्कभंग आहे, आणि त्याला शिक्षा आहे.

रॉडनं ओळ वाचली. पुन्हा वाचली. पट्टीखालचं नाक सोडून त्याचा सगळा चेहरा लाल झाला.

"मी तसं नाही म्हणालो," तो म्हणाला.

"म्हणालास. पण तू हे बोललाच नाहीस असं मी धरते. तुझी होडी मला आठवतेय." उना समोर बसली. तिचे हात चिखलानं भेगाळले होते, ते तिनं मांडीवर उताणे ठेवले. "मी चुकले ते फळ्यावर लावण्यात. तेवढ्याची माफी मी मागेन. पण 'खोटं' हा शब्द माझ्या हातून लिहून होणार नाही. तो तुझ्या वकिलाला काढायला सांग."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी मी जाणार."

रॉडनं चहा संपवला. इथली माणसं भांडतात, पण चहा टाकून उठत नाहीत. जाताना त्यानं त्या आंधळी होऊ घातलेल्या मेंढीकडे पाहिलं आणि म्हणाला, हिचं काही खरं नाही. उना म्हणाली, बघू.

चार दिवसांनी वकिलाचा नवा मसुदा आला. त्यात 'खोटं' नव्हतं. क्लेमनं तो वाचून सुस्कारा सोडला आणि तिच्या पाठीवर डावा हात ठेवला. उनानं स्वतःच्या अक्षरात तो उतरून काढला: माझं निवेदन मी या फळ्यावर लावायला नको होतं, त्यामुळे रॉडरिक हॅलोरन यांना झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागते, आणि त्यातलं काही पुन्हा जाहीरपणे बोलणार किंवा लिहिणार नाही. समितीचं काम यात येत नाही, असंही शेवटी एक वाक्य होतं. ते कोण वाचतंय!

शनिवारी सकाळी, दूध-पाव घ्यायला निम्मं गाव येतं त्या वेळी, तिनं तो लावला. एक टाचणी खाली पडली. मागं उभ्या असलेल्या कोणीतरी ती उचलून दिली. दुकानवाल्या मर्लनं पाव कागदात बांधला, सुटे परत दिले, आणि 'किती गं?' असं विचारलं नाही.

त्यानंतर कोणीच विचारलं नाही. विचारणं म्हणजे बाजू घेणं झालं असतं. माणसं हवेबद्दल बोलत, उनाच्या गुडघ्याबद्दल बोलत, पण आकड्याचं नाव काढत नसत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती आकडा डोक्यात घेऊन दुकानात जाई आणि तसाच परत आणी. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, हे मात्र तिला फार लागलं. घरी येऊन ती क्लेमला आकडा सांगे. तो हं म्हणे आणि गाडीची किल्ली घेई. चिखलात मेंढ्या असतच.

मंगळवार आला. पहाटे मोजपट्टीवर अकरा होतं. ओला पट्टा दोन बोटं. तीन मेंढ्या ओढल्या, त्यातली एक ती औषध लावलेली. तिच्यासाठी बंदूक काढावी लागली. नखांतला चिखल निघता निघेना, तशीच उना निळा झगा घालून सभागृहात गेली.

आत साठ खुर्च्या होत्या, त्या भरल्या. उरलेलं गाव बाहेर व्हरांड्यात मर्लच्या चहाभोवती उभं राहिलं. दार लावून घेतलं होतं, आतलं बाहेर ऐकू येत नव्हतं. टेबलामागं समितीचे पाच जण. रॉड दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. त्याच्या नाकावरची पट्टी निघाली होती, तिथं गुलाबी कातडी दिसत होती.

अध्यक्षबाईंनी उनाला सांगितलं की या खोलीत तुम्ही जे बोलाल त्याला पूर्ण संरक्षण आहे. दाराबाहेर तेच पुन्हा बोललात तर नाही. कोणाचं नाव गरजेशिवाय घेऊ नका, ज्याचं नाव येईल त्यालाही उत्तर द्यायची संधी मिळेल. समजलं?

"समजलं," उना म्हणाली. "आता समजलं."

तिनं वही उघडली आणि वाचायला लागली. तारीख, पुलाचा आकडा, बंधाऱ्याचा आकडा, पट्ट्याची रुंदी. तारीख, आकडा, आकडा, पट्टा. आवाज सपाट होता. पाणी प्यायला थांबली तेवढीच. अकरा सकाळी वाचायला सात-आठ मिनिटं लागली. एक सभासद पेंगायला लागला होता. वाचून झाल्यावर तिनं वही मिटली.

अध्यक्षबाईंनी कागद चाळले. "या दोन मोजपट्ट्यांमध्ये पंप कोणाचा आहे, बाई?"

उना खुर्चीत वळली. समितीकडे पाठ होते हे तिच्या लक्षात आलं, पण तिला ते तोंडावरच म्हणायचं होतं. गावाची रीत तशी होती, आणि आज पहिल्यांदा कायदाही आड येत नव्हता.

"रॉडरिक हॅलोरनचा," ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "दुसऱ्या कोणाचा नाही."

रॉडनं नजर खाली घातली नाही. टोपीची कड फिरवणारी बोटं तेवढी थांबली. अध्यक्षबाईंनी आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

दाराबाहेर पाऊल टाकलं तशी माणसं भोवती आली. काय बोललीस, काय विचारलं त्यांनी, नाव घेतलंस का? मर्ल हातातली किटली तशीच घेऊन पुढं आली. आम्हाला आत जागाच मिळाली नाही गं, म्हणाली. उना एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. चार पावलं मागं, दाराच्या आत, तिनं जे मोठ्यानं म्हटलं होतं ते इथं ओठांवर आणलं तर क्लेमचा वरचा माळ जात होता. शब्द तेच, जीभ तीच.

"ते छापतील तेव्हा वाचा," ती म्हणाली आणि कप पुढं केला. "चहा दे."

गर्दी हळूहळू बाजूला झाली. रॉड दारातून बाहेर आला आणि तिच्यापाशी थांबला. सगळे बघताहेत हे दोघांनाही कळत होतं.

"बोल की आता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "इथं बोल."

त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. दमलेला होता तोही. उनानं चहाचा घोट घेतला. सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठाशी आलं, एकदाच, सगळ्यांदेखत, मग जाऊ दे माळ. तिनं तो घोट गिळला.

"तू विचार," ती म्हणाली. "विचारायचास ना पूर्वी."

रॉडला कळायला एक क्षण लागला. त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

"किती गं आज?"

"अकरा," उना म्हणाली.

तो मान हलवून आपल्या गाडीकडे गेला. मर्लनं किटली खाली ठेवली आणि उगाचच हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उना पुलाखाली उतरली. झाडांवर काकाकुव्यांचा कलकलाट चालू होता. गुडघा धरून ती खांबापाशी वाकली आणि पाण्याच्या वर बोटं टेकवली. खांब कोरडा होता. पट्टीवर अकरा. तिनं पुन्हा हात लावून पाहिला, चारी बाजूंनी. कोरडा.

रॉडनं पंप बंद ठेवला होता, की त्याच्या पंपाच्या तोंडाशी ओढण्याजोगं पाणीच उरलं नव्हतं, हे खांबाला हात लावून कळण्यासारखं नव्हतं. तिला एक वाटत होतं, मनापासून वाटत होतं. पण वाटेल ते लिहायचं नव्हतं. तिनं वहीत तारीख घातली, पुढं अकरा लिहिलं, पट्ट्याच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि वर आली. काठावर क्लेम गाडी चालू ठेवून वाट बघत होता. आज चार आहेत, तो म्हणाला, आणि उनानं गाडीच्या पाठीतली फळी ओढली.